काळ्या ऑइलपेक्षा वाढलेली पातळी बघा

प्रश्न : आमच्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल फिल्टरसकट बदलून जेमतेम 20 तास झालेत, तरी पातळी मोजायच्या काडीवर ते डांबरासारखं काळं दिसतंय. मिस्त्री म्हणतात, ऑइल खराब निघालं, लगेच बदला. तसं इंजिन ऑइल खात नाही. उलट वरच्या खुणेच्या अर्धं बोट वरच आहे. भरताना मात्र बरोबर खुणेवर होतं. पुन्हा खर्च करू का?

उत्तर : पत्रातला रंगाचा मजकूर मी एकदा वाचला आणि 'अर्धं बोट वर' हे तीनदा वाचलं. आधी ट्रॅक्टर बंद ठेवा, मग पुढचं वाचा.

ऑइल आपोआप कधी वाढत नाही. खुणेवर भरलेलं वर गेलं, म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, दुसरं काहीतरी उतरतंय. डिझेल असेल, रेडिएटरचं पाणी असेल, किंवा ज्या ट्रॅक्टरला हायड्रोलिक पंप इंजिनवर बसवलेला असतो, तिथे पंपाचं सील गेल्यामुळे हायड्रोलिकचं ऑइल असेल. यातलं डिझेल सगळ्यात फसवं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर टिकत नाही, आणि काडीवर मात्र सगळं भरपूर दिसतं. पातळी फारच चढली तर ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन इंजिन त्यावरच पळू शकतं. मग डिझेल तोडलं तरी ते थांबत नाही.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे असाच एक ट्रॅक्टर आला होता. मालक म्हणाले, ऑइल अजिबात कमी होत नाही. मीही मान डोलावली, काळं ऑइल काढून नवं भरलं आणि गाडी पाठवून दिली. काही दिवसांत ती ओढून परत आली. क्रँकची बेअरिंग गेली होती, आणि कारण होतं सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा, पण टपकणारा एक नोझल. तेव्हापासून मी काडी बघायच्या आधी हुंगतो.

तुम्हीही तेच करा. सपाट जागा, इंजिन बंद करून किमान 15 मिनिटं. काडी पुसून पुन्हा घाला, मगच पातळी वाचा. डिझेलचा वास येतो का? थेंब काडीवरून पाण्यासारखा पळतो का? एक थेंब टीपकागदावर टाका आणि रात्रभर राहू द्या. काळ्या डागाच्या बाहेर फिकट, तेलकट कडं लांबवर पसरलं असेल तर डिझेलचा संशय घट्ट होतो. मग नोझल तपासायला काढा. डिझेलचा फीड पंप आणि मुख्य पंप यांची सीलंही बघून घ्या.

पाण्यासाठी रंगावर विसंबू नका. पाणी नीट घुसळलं गेलं की ऑइल दुधाळ होतं हे खरं, पण काळ्या ऑइलात थोडं पाणी डोळ्यांना दिसतच नाही. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी, सुरू न करता, चेंबरच्या तळाचा, ऑइल काढायचा ड्रेन नट हलकेच सैल करा. पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून आधी तेच येईल. इंजिन थंड असतानाच रेडिएटरची पातळीही बघा. ती उतरत असेल तर हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कडी, तपासा. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पांढरट फेस आणि काडी स्वच्छ असेल, तर ती बहुतेक थंडीतली वाफ. तासभर कामाला लावल्यावर जाते. आणि हायड्रोलिकचं ऑइल उतरलंय का, तेही याच वेळी बघा.

आता काळ्या रंगाबद्दल. डिझेल जळताना काजळी होते, रिंगांच्या बाजूने थोडी खाली येते, आणि ऑइलमधली रसायनं तिला धरून ठेवतात, म्हणजे ती रिंगांच्या खाचांत साचत नाही. शिवाय बदलताना जुनं ऑइल थोडं आत राहतंच. त्यामुळे 20 तासांत, कधी तासाभरातही, नवं ऑइल काळं पडतं. नुसत्या रंगावरून त्याला खराब म्हणणं मला पटत नाही. कागदावर डाग सारखा, राखाडी पसरला तर ऑइल अजून काजळी पेलतंय. मधोमध दाट, कडेला धारदार काळा ठिपका अडून बसला, तर त्याची ताकद संपली. बोटांत चोळल्यावर खरखर लागली तर एअर क्लिनर आणि त्याचा होज तपासा. चमक दिसली तर फिल्टर कापून आत धातूचे कण बघा. हात मात्र साबणाने धुवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की ऑइल बदलावं लागेलच, पण दोष सापडून दुरुस्ती झाल्यावर. आज बदललंत तर तेही तसंच चढेल. दुरुस्तीनंतर नवा फिल्टर लावा, ऑइल बरोबर खुणेपर्यंत भरा, आणि पहिले काही दिवस रोज सकाळी काडीची पातळी लिहून ठेवा. ती पुन्हा वर सरकली, तर रेडिएटर आणि हायड्रोलिकच्या पातळीसकट मला कळवा.