वाचकांचे प्रश्न: आरोग्याची आंदोलनं, सरकारी जीआर आणि आपलं बिल

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की हॉस्पिटलच्या भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद लावायचा नियम आला त्यामागे जन आरोग्य अभियानासारखे लोक वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले होते. एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न थोडे छाटलेत, शिव्या काढल्यात (फार नव्हत्या).

जन आरोग्य अभियान ही एनजीओ आहे, पक्ष आहे की डॉक्टरांची संघटना? गुगल केलं तर दरवेळी वेगळंच काहीतरी येतं. — एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, नाशिक

तिन्ही नाही गं. ही आघाडी आहे, म्हणजे वेगवेगळ्या संघटना आरोग्य या एका मुद्द्यावर एकत्र बसतात आणि बाकी वेळ आपापलं काम करतात. राष्ट्रीय पातळीवर जन स्वास्थ्य अभियान आणि आपल्याकडे महाराष्ट्रात जन आरोग्य अभियान.

सुरुवात कुठून झाली ते बघ. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा इथे जगभरच्या सरकारांनी जाहीर केलं होतं की सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य. २००० उजाडलं, आरोग्य काही आलं नाही आणि त्याबद्दल कुणी साधी चर्चाही करेना, मग लोकांनीच ठरवलं की सरकारं विसरली असतील तर आपण आठवण करून देऊ. डिसेंबर २००० मध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे, डॉ. झफरुल्ला चौधरींच्या गणस्वास्थ्य केंद्र या संस्थेत जगभरातले लोक जमले आणि पीपल्स हेल्थ असेंब्ली भरली. त्याच्या जरा आधी कोलकात्यात भारताची स्वतःची सभा झाली, तिथे देशभरातून लोक रेल्वेने आले आणि वाटेत स्टेशनांवर सभा घेत आले. लोकविज्ञानवाले, महिला संघटना, मेडिको फ्रेंड सर्कलचे डॉक्टर, जनआंदोलनांचे कार्यकर्ते, मिशन हॉस्पिटलं, एरवी एकमेकांशी वाद घालणारी ही मंडळी एका सनदेवर सही करून बाहेर पडली, मला तर हेच जास्त आश्चर्याचं वाटतं.

महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला ही नावं तुला सारखी दिसतील, आणि पुण्याची साथी ही संस्था. पण अभियानाचा मालक असा कुणी नाही. त्याचा फायदाही आहे आणि तोटाही, तोटा असा की एखादं पत्रक काढायचं तर सगळ्यांना विचारत बसावं लागतं.

मोर्चे, निवेदनं, पत्रकार परिषदा बघून बघून केस पांढरे झाले. या लोकांमुळे एक तरी धोरण बदललं असेल तर दाखवा. — निवृत्त शिक्षक, सांगली

काका, दाखवतो. पण आधी एक कबूल करू या, धोरण कुणामुळे बदललं हे छातीठोकपणे सांगणं अवघड असतं. मंत्री म्हणतो माझ्यामुळे, सचिव म्हणतो फाइल मी हलवली, कोर्ट म्हणतं आमचा आदेश होता आणि संघटना म्हणतात आम्ही रस्त्यावर उतरलो. चौघंही थोडे थोडे खरं बोलत असतात.

माझ्या मते यांचं सगळ्यात भक्कम काम लोकाधारित देखरेखीचं. त्याची पार्श्वभूमी अशी की २००४ मध्ये जन स्वास्थ्य अभियानाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला सोबत घेऊन देशात ठिकठिकाणी जनसुनवाया घेतल्या, ज्यांना सरकारी दवाखान्यात उपचार नाकारले ते लोक स्वतः उठून आयोगासमोर आणि अधिकाऱ्यांसमोर बोलले. पुढच्या वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान म्हणजे एनआरएचएम सुरू झालं आणि त्याच्या आराखड्यात लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवायची ही गोष्ट अधिकृतपणे आली. नुसती आली असती तर तुमचा मुद्दा बरोबर ठरला असता, कागदावर काय वाट्टेल ते येतं. पण २००७ मध्ये नऊ राज्यांत ते प्रत्यक्ष सुरू झालं आणि महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) असे पाच जिल्हे निवडले गेले, पुढे आणखी जिल्हे वाढले.

चालायचं कसं ते सांगतो कारण खरी गंमत त्यातच आहे. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य अशा प्रत्येक पातळीवर समित्या, त्यात गावकरी, पंचायतीचे सदस्य, संघटनांचे कार्यकर्ते आणि आरोग्य खात्याची माणसंसुद्धा. गावात बसून प्रश्न विचारायचे, नर्सबाई ठरलेल्या दिवशी येते का, लसीकरण होतं का, केंद्रात औषध मिळतं की बाहेरची चिठ्ठी देतात, बाळंतपणाला कुणी पैसे मागितले का, आणि उत्तरांवरून गावाचं प्रगतीपत्रक भरायचं, हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे वाईट. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग बघून कळतं की आपल्या गावाला काय मिळत नाहीये. मग ते पत्रक घेऊन जनसुनवाई, मांडव टाकून, माइक लावून, समोर तालुका आरोग्य अधिकारी बसलेले आणि लोक एकेक करून उभे राहतात. अधिकाऱ्याला तिथल्या तिथे सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. बाहेरून औषधं लिहून देणं, बेकायदा पैसे घेणं, डॉक्टर मुक्कामी न राहणं अशा तक्रारी कितीतरी वर्षं गावागावात कुजबुजत होत्या, त्या इथे नोंदीवर आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातून फरकही पडला, चिठ्ठ्या कमी झाल्या, बंद उपकेंद्रं उघडली.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल याला अभियानाने पैसे दिले. या देखरेखीचा खर्च सरकारच्या एनआरएचएममधूनच येत होता. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच नजर ठेवायचे पैसे. निधी उशिरा यायला लागला की काम थांबायचं, आणि अधिकारी बदलला की पुन्हा नव्याने समजावत बसायचं. डॉक्टरची रिकामी जागा ही तर जनसुनवाईत सुटणारी गोष्टच नव्हती, ती मंत्रालयात अडकलेली. तालुक्याच्या हातात जे होतं ते सुधारलं, वरचं तसंच राहिलं.

आणि जे झालं नाही तेही मोठं आहे. २०१५ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा मूलभूत हक्क करायची भाषा होती, २०१७ मध्ये अंतिम धोरण आलं तेव्हा ती गायब. उरलं ते २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं आश्वासन, तेही पाळलं गेलं नाही. पंचवीस वर्षं मागणी करून हे, तर तुमचे केस पांढरे झाले ते उगाच नाही काका.

जन आरोग्य अभियानाचं कार्ड कुठे काढून मिळतं? पाच लाखांचा इलाज फ्री होतो ना? — एक वाचक, बीड

दादा, ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, सरकारची. नावं सारखी असल्यामुळे हा घोळ सगळ्यांचाच होतो. योजनेची चौकशी तिच्या यादीत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेसाठी मदत करायला तिथे बसवलेला माणूस) करा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. अभियान कार्ड देत नाही, ते फार तर तुमच्यासोबत निवेदन घेऊन येतील.

आईला इथल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तेव्हा रिसेप्शनवर रेटकार्ड मागितलं तर तिथली मुलगी हसली, म्हणाली काका हे काय हॉटेल आहे का. खरंच असा नियम आहे का? — नाव नको, कोल्हापूर

आहे. आपल्याकडे खाजगी हॉस्पिटलांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशा जागी लावायची, दरपत्रक ठेवायचं, आणि तक्रारीसाठी स्थानिक यंत्रणेने कक्ष आणि टोल फ्री नंबर ठेवायचा हे त्यात आहे. इमर्जन्सी असेल तर पैसे भरायची ऐपत आहे की नाही ते न बघता जीव वाचवण्यापुरते प्राथमिक उपचार द्यायचे, हेही आहे. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही हा हक्क मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेपासून लिहिलेला आहे.

हे नियम आले त्यात कोविडचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. २१ मे २०२० ला राज्य सरकारने खाजगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घेऊन दर ठरवले, साध्या आयसोलेशन वॉर्डला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. त्याआधी खाजगी दराला हात लावायचा म्हटलं की अशक्य, बाजार कोसळेल असं सांगायचे, आणि एका आदेशाने ते झालं. मग पीपीई किट, सॅनिटायझेशन असल्या नावाखाली बिलं फुगली तेव्हा अभियानाच्या कार्यकर्त्यांनी, आणि घरातला कर्ता माणूस गेलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने, बिलं गोळा करून ऑडिटची मागणी लावून धरली. काही लोकांना पैसे परतही मिळाले. किती जणांना मिळायला हवे होते ते विचारू नका, त्रास होतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. रिसेप्शनशी भांडू नका, त्या मुलीला पगार मिळतो बारा-पंधरा हजार आणि तिला कुणी नियम सांगितलेलाही नसतो. हॉस्पिटलच्या ॲडमिनिस्ट्रेटरला साध्या कागदावर लेखी मागा, कॉपीवर पोच घ्या. नाही दिलं तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. फक्त एक लक्षात ठेवा, दरपत्रक म्हणजे दर कंट्रोल नाही. हॉस्पिटलने काय दर लावावा यावर या नियमात मर्यादा नाही, तो आधी कळला पाहिजे एवढंच आहे. लोक इथे फसतात आणि मग म्हणतात नियम बोगस आहे.

मी स्वतः १२ बेडचं हॉस्पिटल चालवतो. फायर एनओसी, बायोमेडिकल वेस्ट, प्रदूषण मंडळ, एवढं सांभाळून रात्री दोनला सिझेरियन करतो. तुमच्या या अभियानवाल्यांना सगळे डॉक्टर चोर वाटतात. नवीन कायदे आले तर छोटी हॉस्पिटलं बंद पडतील आणि कॉर्पोरेटच उरतील, हे त्यांना कळत नाही का? — एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा जिल्हा

डॉक्टर, कॉर्पोरेटबद्दलची तुमची भीती मला शंभर टक्के पटते. एकच चेकलिस्ट पाचशे बेडवाल्याला आणि बारा बेडवाल्याला लावली तर मोठा माणूस लावून घेतो आणि छोटा विकून मोकळा होतो. पण अभियानाला हे कळत नाही हे नाही पटत. दवाखाने-हॉस्पिटलांची नोंदणी आणि नियमन करणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० मध्ये आला, महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, स्वतःचा मसुदा केला आणि तोही तसाच पडून आहे. या सगळ्या वादात अभियानातल्या डॉक्टरांचं लिखाण वाचलंत तर त्यांचा आग्रह हाच दिसेल की निकष छोट्या हॉस्पिटलांना झेपतील असे हवेत आणि नियमन नुसतं बाबूंच्या हातात न देता त्यात डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही प्रतिनिधी हवेत. म्हणजे इन्स्पेक्टर राज त्यांनाही नकोय. आणि हे लिहिणारे बरेचसे स्वतः एमबीबीएस, एमडी आहेत हो.

राजस्थानात काय झालं ते बघा. २१ मार्च २०२३ ला तिथे आरोग्य हक्काचा कायदा पास झाला, देशातला पहिला, त्यामागे तिथल्या जन स्वास्थ्य अभियानाची बरीच वर्षांची मेहनत. इमर्जन्सीमध्ये आगाऊ पैसे न घेता उपचार करा म्हणाले, पेशंटला देता आले नाहीत तर सरकार भरपाई करेल म्हणाले, पण कधी, किती, कुठल्या खिडकीवर ते काहीच सांगितलं नाही. खाजगी डॉक्टर संपावर गेले, पंधरा दिवस राज्य ठप्प, आणि ४ एप्रिलला समझोता झाला त्यात ५० पेक्षा कमी बेडची खाजगी हॉस्पिटलं बाहेर काढली गेली. मग कायद्याचे नियम रखडले ते रखडलेच. तिथले डॉक्टर मला पूर्ण चुकीचे वाटत नाहीत, सरकारी भरपाईची वाट बघणं काय असतं ते कुठल्याही योजनेतल्या हॉस्पिटलला विचारा. पण कायदाच नको ही भूमिका चुकीची होती, भरपाईचा नियम लिहून द्या म्हणून अडून बसायला हवं होतं आणि त्यात अभियानवाले त्यांच्या बाजूने उभे राहिले असते असं मला वाटतं.

आणि चोर म्हणण्याबद्दल, मोर्चात कुणी तसं ओरडलं असेल, नाही म्हणत नाही. पण दरपत्रकाचा त्रास तुम्हाला कमी आणि कॉर्पोरेटला जास्त आहे. तुमचं सिझेरियनचं पॅकेज एका ओळीत लिहून होईल, त्यांची पाच पानंसुद्धा पुरणार नाहीत. तुम्ही ते आधीच बाहेर लावलंत तर माझ्या ओळखीतले चार जण तरी तुमच्याकडे येतील.

मी नोकरी करते, मोर्चाला जायला वेळ नाही. घरबसल्या काही करता येईल का? — वाचक, चिंचवड

घरबसल्या थोडं कमी, पण महिन्यातून एक दुपार काढता आली तर पुष्कळ. जवळच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती किंवा जन आरोग्य समिती (दवाखान्याच्या कारभारावर आणि निधीवर लक्ष ठेवणारी समिती, अभियानाशी नाव जुळतं एवढंच) आहे का, सदस्य कोण, शेवटची मीटिंग कधी झाली आणि निधी कशावर खर्च झाला एवढं विचारा. पंखे, रंगकाम आणि खुर्च्या यावरच सगळे पैसे गेलेले असतात का ते बघा. केसपेपरचे पैसे घेतात का तेही बघा, राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, महापालिकेच्या आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांना मात्र तो निर्णय लागू नाही त्यामुळे भांडायच्या आधी बोर्ड वाचा. समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त मागा, टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून.