प्रश्न वाचकांचे : कमानी पुलाचं सेंटरिंग

प्रश्न : काँक्रीटला ताकद आली की कमानीखालचं सेंटरिंग (ओतकामाला आधार देणारा तात्पुरता सांगाडा) कुठूनही सोडलं तरी चालतं का? आणि ओतकाम सलग न करता तुकड्यांत का करतात?

उत्तर : कुठूनही नाही. टोकांकडचे टेकू आधी सोडले तर माथ्याखालचे टेकू कमानीला खालून रेटत राहतात. मग माथ्यावर वरच्या अंगाला ताण येतो आणि भेग तिथेच पडते. म्हणून सुरुवात माथ्यापासून करायची आणि दोन्ही बाजूंना सारखंच, थोडंथोडं उतरवत टोकांकडे जायचं. टेकूंखाली वाळूचे डबे असतील तर बूच काढून वाळू सांडू देतात. वाळू कोरडी आणि चाळलेलीच हवी. ओली असली की अडकते, मग एक टेकू उतरतो, शेजारचा तसाच राहतो.

सिडनीच्या ग्लेड्सव्हिल पुलावर (1964, गाळा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर, 305 मीटर) उलटी युक्ती केली. कमानीत बसवलेले चपटे जॅक (आत दाबाने द्रव भरला की फुगणाऱ्या धातूच्या चकत्या) फुगवले, कमान लांबली आणि स्वतःच सेंटरिंगवरून उचलली गेली. मग तेच सेंटरिंग बाजूला सरकवून पुढच्या कमानीखाली घेतलं. अशा चार कमानी शेजारी शेजारी उभ्या केल्या.

तुकड्यांचं कारणही सेंटरिंगच आहे. टोकांकडून ओतत आलात तर वजनाने सेंटरिंगच्या कुशी (टोक आणि माथा यांमधला भाग) दबतात, माथा वर येतो. पुढे माथ्यावर काँक्रीट पडलं की तो खाली बसतो, पण तोवर कुशींतलं काँक्रीट घट्ट झालेलं असतं आणि ते तडकतं. म्हणून माथ्यावर लवकर वजन द्यायचं आणि तुकड्यांमध्ये फटी सोडायच्या. सळया फटींतून सलग न्यायच्या. फटी शेवटी बुजवायच्या, म्हणजे आकुंचनही बरंचसं उरकलेलं असतं.

प्रश्न : दरी खोल असेल, खालून टेकू देता येत नसतील तर?

उत्तर : दोन्ही काठांवरून अर्धी अर्धी कमान पुढे वाढवत नेतात आणि मागच्या खडकात नांगरलेल्या केबलांनी ती तोलून धरतात. अमेरिकेतल्या हूवर धरणाजवळचा पूल (2010, 323 मीटर) असाच झाला. चीनमधल्या वानशियान पुलाला (1997, 420 मीटर) आधी पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडला, नळ्यांत काँक्रीट भरलं आणि मग सांगाड्याभोवती ओतलं.

केबलांच्या पद्धतीत घोटाळा होतो तो मधल्या जोडाशी. 100 मीटर केबल 10 अंशांनी तापली तर सुमारे 12 मिलिमीटर लांबते आणि अर्ध्या कमानीचं टोक झुकतं. दुपारचं माप पहाटे जुळत नाही. तेव्हा मापं सूर्योदयापूर्वी घ्यायची, टोकं आधी पोलादाने जखडायची आणि मगच जोड ओतायचा.