‘बॉयकॉट’ला मराठीत काय म्हणावं: बहिष्कार की वाळीत टाकणं?

प्रश्न असा आहे: ‘बॉयकॉट’ हा शब्द खरंच कुणाच्या आडनावावरून आला का? आणि आयर्लंडमध्ये जे घडलं त्याला मराठीत ‘वाळीत टाकणं’ म्हणणं जास्त बरोबर नाही का?

आडनावाची गोष्ट खरी आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी होता. १८७९ साली पीक बुडालं होतं. तीस वर्षांपूर्वीच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, ती आठवण ताजी होती. कुळांनी खंडात सूट मागितली, मालकाने देऊ केलेली सूट त्यांना पुरेशी वाटेना, आणि सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने जमिनी सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच महिन्यात आयर्लंडमधल्या एनिस गावच्या सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, महारोग्यासारखा एकटा पाडा. मेयोतल्या लोकांनी हेच हत्यार थेट कारभाऱ्यावर उगारलं.

मग त्याचे नोकर निघून गेले. लोहार घोड्यांना नाल मारीना, धोबीण कपडे धुवीना, बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात, टपाल आणणाऱ्या पोरालाही दम मिळाला. शेतातलं पीक काढायला उत्तरेकडच्या परगण्यांतून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे ब्रिटिश राजनिष्ठ प्रोटेस्टंट, आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला शेकड्यांनी सैनिक आणि पोलीस. पाचएकशे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले. २७ नोव्हेंबरला बॉयकॉटने मेयोतलं आपलं घर सोडलं.

क्रियापद म्हणून हा शब्द कुणी सुचवला, तेही सांगितलं जातं. अमेरिकी पत्रकार रेडपाथ यांनी लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे, ‘ऑस्ट्रसाइझ’ (समाजातून वगळणं) हा जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून स्थानिक पाद्री ओमॅली यांनीच ‘बॉयकॉट’ सुचवला. फ्रेंच आणि जर्मननेही तो उचलला.

आता मराठी. लोहार नाही, धोबी नाही, दुकान नाही, हे वाचताच आपल्याला ‘वाळीत टाकणं’ आठवतं आणि बाहेरून पाहिलं तर रीत तीच आहे. तरी माझं मत ठामपणे ‘बहिष्कारा’च्या बाजूने आहे. वाळीत टाकते ती गावकी किंवा जात. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे तो एकट्यादुकट्याला चिरडतो. मेयोत उलटं होतं. कुळांकडे ना जमीन, ना कायदा; त्यांच्या हाती होतं ते फक्त आपलं काम न देणं. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला तर कोण कुणावर अन्याय करतंय हेच पुसलं जातं. शिवाय वाळीत माणूस पडतो, वस्तू नाही. ‘परदेशी साखर वाळीत टाकली’ असं कुणी म्हणत नाही. बहिष्कार मात्र कापडावर, सभेवर, मतदानावरही पडतो, आणि ‘बॉयकॉट’चा पसारा नेमका तेवढाच आहे. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला हाच शब्द बसला.

‘बहिष्कृत’ला दुसरी, वेदनेची छटा आहे, हे मान्य. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं ते त्याच अर्थाने. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यातही ‘सामाजिक बहिष्कार’ म्हणजे वाळीत टाकणंच. म्हणून अशा बातमीत ‘सामाजिक’ हे विशेषण गाळू नये.

आयर्लंडपुरतं बोलायचं तर त्या हंगामाने जमिनीचा लढा पेटवला. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, ब्रिटनच्या ग्लॅडस्टन सरकारला कुळांना न्याय्य खंडाचा हक्क देणारा कायदा करावा लागला. तेव्हा वाक्य असं लिहा: मेयोच्या कुळांनी बॉयकॉटवर बहिष्कार टाकला.