प्राणिसंग्रहालयात काढलेल्या जग्वारच्या फोटोला 'वाइल्डलाइफ फोटोग्राफी' म्हणता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नांदेडला राहता, हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात जग्वारचे फोटो काढलेत, रानातले जग्वार बघायला ब्राझीलला जाणं सध्या परवडणार नाही, आणि ते फोटो ग्रुपवर टाकल्यावर कुणीतरी 'पिंजऱ्यातला फोटो हा फोटोच नव्हे' असं सुनावलं. शिवाय कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू हेही विचारलंय.

वाइल्डलाइफ म्हणता येत नाही. यात वाद घालण्यासारखं काही नाही. फियाप (आंतरराष्ट्रीय), पीएसए (अमेरिकेतली) आणि आरपीएस (ब्रिटनमधली) या फोटोग्राफीच्या संस्थांनी २०१४ मध्ये एकत्र बसून व्याख्या ठरवली. वाइल्डलाइफ विभागात प्राणी मोकळा हवा. प्राणिसंग्रहालयातला किंवा गेम फार्मवरचा (रानटी प्राणी पाळून ठेवतात तिथला) चालत नाही. नेचर विभागात मात्र तोच फोटो चालतो. या संस्थांच्या मान्यतेनं होणाऱ्या सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, हाच नियम असतो. तेव्हा तुमचा फोटो नेचरमध्ये पाठवा, बिनधास्त पाठवा.

पण तुम्हाला सुनावणाऱ्याचं अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावरून माझं वर्षानुवर्षं वाजलेलं आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

आमच्या कॅमेरा क्लबात एक ज्येष्ठ सभासद होते. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मीही म्हणायचो. पक्ष्यांवर त्यांचा हात असा बसलेला की उडत्या धीवराचे त्यांचे फोटो मी अजून नव्या पोरांना दाखवतो. ते ब्राझीलला जाऊन आले आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनात जग्वारची एक मोठी प्रिंट लागली. खाली पाटी: 'पांतानाल, ब्राझील', म्हणजे तिथली जग्वारांसाठी प्रसिद्ध पाणथळ. चेहरा लेन्सकडे, दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका, मागे सगळं हिरवं विरघळलेलं. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

मी त्या प्रिंटसमोर उभा राहिलो आणि ते जनावर मला ओळखीचं वाटलं. दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या नर जग्वारचे फोटो मी कितीतरी वर्षं काढत आलो होतो. घरी येऊन हार्ड डिस्क उघडली. उजव्या खांद्यामागे तीन रोझेट (अंगावरचे कड्यासारखे मोठे ठिपके) तिरक्या ओळीत. मधल्याची खालची कड तुटलेली, आत दोन ठिपके, त्यातला एक जेमतेम मोहरीएवढा. त्याच्या खालचे दोन रोझेट एकमेकांना चिकटलेले. प्रिंटवर हे सगळं जसंच्या तसं होतं. शिवाय पुढच्या पायाच्या कोपरावर केस झिजून कातडी राखाडी झालेली. सिमेंटवर वर्षानुवर्षं बसल्यानं असा घट्टा पडतो. नदीकाठच्या वाळूत लोळणाऱ्या जनावराचं कोपर असं होत नाही.

जग्वारच्या अंगावरची नक्षी म्हणजे त्याचं आधार कार्डच. दोन जग्वारांची सारखी नसते, एकाच जग्वारच्या दोन कुशींचीही नसते. पांतानालमध्ये पोर्तो जोफ्रेला जग्वार आयडेंटिफिकेशन प्रोजेक्ट चालतो, तो याच नक्षीवर. पर्यटकांनी काढलेले फोटो जुळवून ते प्रत्येक जनावराची नोंद ठेवतात.

दुसऱ्या दिवशी मी दोन प्रिंट घेऊन क्लबात गेलो, टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. म्हटलं, "सर, हे जनावर ब्राझीलचं नाही."

सर म्हणाले, "अहो, ठिपक्यांवरून काय ओळखता? सगळे सारखेच दिसतात."

मी बोट ठेवून एकेक रोझेट दाखवला. मला पाठिंबा द्यायला म्हणून एक मित्र मध्येच बोलला, की मागे टणटणी दिसतेय, म्हणजे फोटो भारतातलाच. त्याला तिथंच थांबवावं लागलं. टणटणी मुळात अमेरिकेतलीच, आपल्याकडे ती बाहेरून आली. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. पुरावा खांद्यावर होता आणि तो पुरेसा होता.

परीक्षकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "आपण फोटो बघायचा, पत्ता कशाला बघायचा? आणि सर ब्राझीलला जाऊन आलेत ना?" गेले होते, हे खरं. तिथे त्यांना जग्वार दिसलाही होता, पण लांबून, झाडीत अर्धा लपलेला. ते फोटो त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. बक्षीस तसंच राहिलं. बाहेर पडताना सर मला म्हणाले, "एवढं बारीक जगात कुणी बघत नसतं."

बघतात. २०१० मध्ये लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेतला मुख्य विजेता फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, बाद झाला. तो लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत पडलं. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला फोटो बाद झाला: रात्री चमकणाऱ्या वारुळापाशी आलेला मुंगीखाऊ. उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात एक पेंढा भरलेला मुंगीखाऊ होता. पाच तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे दोन्हींच्या अंगावरच्या खुणा, उभं राहण्याची ढब आणि केसांचे पुंजके जुळवून पाहिले आणि दोन्ही एकच असल्याचं सांगितलं. फोटोग्राफरनं शेवटपर्यंत नाकारलं. ती बातमी मी क्लबाच्या फलकावर लावली होती. सर त्यावर काही बोलले नाहीत, आणि आता ते हयात नाहीत. त्यांच्या बाजूनं भांडणारे मात्र अजून आहेत.

आता तुमच्या फोटोची लाज कुणी बाळगायला सांगत असेल तर हे ऐका. २०२० मध्ये पांतानाल जळत होतं तेव्हा उसादो नावाच्या जग्वारचे पंजे भाजले. त्याला उचलून गोयास राज्यातल्या केंद्रात नेलं, उपचार केले, आणि ऑक्टोबरमध्ये परत सोडलं. अमानासी नावाच्या मादीचे पंजे इतके भाजले होते की तिला सोडताच आलं नाही. अर्जेंटिनाच्या इबेरा पाणथळीतून जग्वार पार संपले होते. तिथे तानिया नावाच्या, प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या तीन पायांच्या मादीला २०१८ मध्ये पिल्लं झाली, आणि २०२१ पासून तिथे जग्वार पुन्हा मोकळे सोडले जात आहेत. ही सगळी कधी ना कधी बंदिस्त राहिलेली जनावरं. त्यांचे फोटो काढणाऱ्यांनी कुठे, कोणत्या स्थितीत काढले ते लिहिलं, म्हणून आज आपल्याला ही गोष्ट माहीत आहे. गजाआड काढलेल्या फोटोत कमीपणा नाही. कमीपणा खोट्या पाटीत आहे.

तरीही जंगलातलं जनावर वेगळं, हे मी पांतानालला गेल्यावर पाहिलं. कुइआबाहून पोकोने, तिथून त्रान्सपांतानेइरा नावाचा कच्चा रस्ता, साधारण १४५ किलोमीटर, वाटेत शंभरावर पूल, आणि रस्ता संपतो तिथे नदीकाठी पोर्तो जोफ्रे. पुढे सगळं बोटीतून. तिथे पाहिलेली पहिली मादी प्राणिसंग्रहालयातल्या कुठल्याही जग्वारसारखी नव्हती. कानाच्या कडेला गोचिडांची रांग, नाकावर जुनी चीर, पोटापर्यंत चिखल, डोळ्यांभोवती माश्या. ती पाण्याच्या कडेकडेनं चालत होती आणि मध्येच मान पाण्यात घालून थांबायची. केमन (तिथली मगर) धरायला ती वरून पाण्यात उडी घेते आणि कवटीच्या मागे चावते. वाघ-बिबट्यासारखी गळा धरून बसत नाही. हे पिंजऱ्यात कधी दिसणार नाही. तुमच्या फोटोला हे जमणार नाही आणि जमल्याचं भासवूही नका.

तिथेही सगळे साधू नाहीत. एकाला जग्वार दिसला की वायरलेसवर बातमी जाते आणि घटकाभरात बोटींची रांग लागते. नदी पोहून ओलांडणाऱ्या जग्वारच्या तोंडासमोर बोट घालणारे मी पाहिलेत, फक्त समोरून फोटो मिळावा म्हणून. आमच्या बोटीतल्या एकानं नावाड्याला पुढे घ्यायला लावलं तेव्हा मी मध्ये पडलो आणि दिवसभर बोटीत कुणी माझ्याशी बोललं नाही. चालेल. आमिष टाकून जग्वार काठावर आणण्यावर मातो ग्रोसो दो सुल राज्यात बंदी आहे, आणि ती हवीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच राज्यात एका राखणदाराला जग्वारनं मारलं, तेव्हा त्या भागात आमिष टाकलं जात असल्याचा संशय तज्ज्ञांनी बोलून दाखवला होता.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पर्यटनाच्या विरोधात आहे असं वाटेल. ब्राझीलमध्ये जग्वार मारण्यावर १९६७ पासून बंदी, पण गुरं मारतो म्हणून गोठेवाले गोळ्या घालतच होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोर्तो जोफ्रे भागातल्या जग्वार पर्यटनातून वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर येतात असा हिशेब निघाला. त्याच भागात जग्वार जी गुरं मारू शकतील त्यांचं नुकसान सव्वा लाख डॉलरच्याही आत. कॅमेरे घेऊन येणाऱ्यांमुळे तिथे जग्वार जिवंत असण्याला किंमत आली. म्हणूनच कॅमेरेवाल्यांनी नीट वागायला हवं.

सेटिंग. हैदराबादला सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी दार उघडताच आत शिरा. ऊन चढलं की जनावर सावलीत आडवं होतं. जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा (कठड्याच्या आत न जाता, कर्मचाऱ्यांनी परवानगी दिली तरच), ॲपर्चर पूर्ण उघडा, जग्वार जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबा. जाळी नाहीशी होते. जाळीवर ऊन पडलं असेल तर हे जमत नाही, सावलीतला भाग शोधा. काच असेल तर काळं कापड किंवा रबरी हूड, आणि फ्लॅश कधीच नको. फोकस एकाच पॉइंटवर, डोळ्यावर. ७०-३०० मिमीची लेन्स पुरते. पिवळ्या अंगावर ऊन आणि मागे गडद सावली असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली घ्या. पांतानालच्या बोटीत याच्या उलट: ट्रायपॉड निरुपयोगी, बोट हलते म्हणून शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आयएसओ ३२०० ला घाबरू नका, आणि बोटीत शक्य तितकं खाली बसा. तिथे जायला जुलै ते ऑक्टोबर हाच हंगाम.

कठड्याबद्दल एवढं कशाला, असं वाटेल. २०१९ मध्ये ॲरिझोनात एक बाई सेल्फीसाठी कठडा ओलांडून काळ्या जग्वारपाशी गेली आणि त्यानं जाळीतून तिचा हात फाडला.

काळ्या जग्वारवरून आठवलं. ग्रुपवर कुणी 'पांतानालचा काळा जग्वार' म्हणून फोटो टाकला तर नम्रपणे तारीख आणि नदीचं नाव विचारा. काळे जग्वार मुख्यतः दाट जंगलात, ॲमेझॉनकडे. पांतानालच्या उघड्या काठांवर ते जवळजवळ दिसतच नाहीत. उत्तर आलं नाही की समजून घ्या.

तुम्ही आता एक काम करा. पुढच्या वेळी त्या जग्वारच्या दोन्ही कुशींचे स्वच्छ, आडवे फोटो काढून ठेवा. फोटोखाली लिहा: 'जग्वार, बंदिस्त, नेहरू प्राणिसंग्रहालय, हैदराबाद', महिना आणि वर्ष. मग तोच फोटो त्याच ग्रुपवर परत टाका. सुनावणाऱ्याकडून त्याच्या स्वतःच्या फोटोंखाली अशी ओळ मागा. ती देणार असेल तर त्याच्याकडून शिका, नसेल तर त्याच्या बोलण्याला काडीची किंमत देऊ नका.

शेवटी राहिलंच. सगळ्याच प्राणिसंग्रहालयांना मी चांगलं म्हणत नाही. येरझारा घालणाऱ्या, शेपटी चावणाऱ्या जनावराचा फोटो काढलात तर तो 'रुबाबदार' म्हणून टाकू नका, जे दिसलं ते लिहा. आणि कधी पैसे जमून ब्राझीलचं ठरलंच तर पिवळ्या तापाची लस विसरू नका. ती ठरलेल्या केंद्रांवरच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि तो नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात.