जुनी गाडी अनोळखी माणसाला थेट विकताना कोणती काळजी घ्यावी?

पैसे बुडण्यापेक्षा मोठा धोका गाडी आरटीओच्या दप्तरी आपल्याच नावावर राहण्याचा असतो, कारण तोवर झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून गाडीची मालकी बदलण्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या कधीही देऊ नयेत. खरेदीदाराचे नाव, पत्ता व तारीख भरूनच सही करावी आणि खरेदीदार राज्यातलाच असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवावे. कर्जाचा बोजा आधी उतरवून घ्यावा. रक्कम खात्यात जमा झाल्याची स्वतः खात्री करावी, नुसता स्क्रीनशॉट पाहून किल्ली देऊ नये. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहावी, म्हणजे त्याच संध्याकाळी सिग्नल तोडल्याचे ई-चलन आले तरी आपल्या हातात पुरावा राहतो. फास्टॅगही आठवणीने बंद करावा.