शिकागोहून ओमाहाला जाताना लागणारा 'आयोवा ८०' हा 'जगातला सर्वात मोठा ट्रक स्टॉप' मुद्दाम थांबून बघण्यासारखा आहे का, की नुसताच मोठा पेट्रोल पंप?

थांबा, पण दहा मिनिटांसाठी थांबणार असाल तर राहू द्या. तेवढ्यात एक मोठं दुकान आणि बाथरूमची रांग दिसेल, पाटीसमोर फोटो निघेल आणि पुढे आयोवा सिटीपर्यंत गाडीत 'यात काय एवढं' हाच विषय चालेल. दीड-दोन तास हाताशी ठेवा. तुम्ही लिहिलंय की सोबत शाकाहारी आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. मग तर जाच. जेवणाचं तेवढं खाली सांगतो.

मी ट्रॅक्टरच्या नोकरीपायी पुण्याहून इलिनॉयमधल्या मोलीनला आलेला माणूस. हा ट्रक स्टॉप आहे ते वॉलकॉट गाव आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत आहे. त्यामुळे भारतातून कोणाचेही आई-वडील आले की आधी मिसिसिपी दाखवायची आणि मग 'आयोवा ८०', असा आमच्या मंडळींचा शिरस्ताच पडलाय. नदीबद्दल पाहुणे दोन वाक्यं बोलतात. ट्रकबद्दल परत गेल्यावर फोनवरसुद्धा बोलतात.

तुम्ही मिसिसिपी ओलांडून आयोवात शिराल, डॅवेनपोर्ट मागे पडेल आणि आय-८० हायवेवर एक्झिट २८४ येईल. शिकागोपासून पावणेतीन-तीन तास, म्हणजे तसेही पाय मोकळे करायची वेळ झालेली असते. १९६४ मध्ये स्टँडर्ड ऑइलने इथे पंप सुरू केला तेव्हा हा हायवेसुद्धा पुरता बांधून झालेला नव्हता. कंपनीसाठी जागा हेरणारा माणूस म्हणजे बिल मून. पुढच्याच वर्षी त्याने तो चालवायला घेतला आणि १९८४ मध्ये विकत घेऊन टाकला. मून १९९२ मध्ये वारला, धंदा अजून घरातच आहे. उघडल्यापासून दाराला कुलूप लागलेलं नाही, ख्रिसमसलाही नाही. मागच्या अंगाला ९०० ट्रक उभे राहतील एवढी जागा आहे. नुसता ट्रेलरच ५३ फुटांचा असतो हे लक्षात घ्या, म्हणजे आकड्याचा अंदाज येईल.

मला विचाराल तर दुकानाच्या आधी वजनकाटा बघा. अमेरिकेतल्या ट्रक स्टॉपांवर सगळीकडे दिसणारा 'कॅट स्केल' हा काटा याच मूनने १९७७ मध्ये सुरू केला आणि त्या कंपनीचं मुख्य ऑफिस आजही वॉलकॉटलाच आहे. त्याची गंमत अशी की काट्याचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असतात. पुढची चाकं, मधली चाकं आणि ट्रेलरची मागची चाकं, तिन्हींचं वजन एकदमच पण स्वतंत्र मिळतं. कारण एकूण ८०,००० पौंडांच्या (साधारण ३६ टन) आत असून भागत नाही. मधल्या जोडचाकांवर ३४,००० आणि ट्रेलरखालच्या जोडचाकांवर ३४,००० ही मर्यादा वेगळी पाळावी लागते. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून खांबावरचं बटण दाबतो, गाडीचा नंबर सांगतो आणि आत जाऊन कागद घेतो. मागे भार जास्त निघाला तर ट्रेलरखालची खिटी सोडतो, ट्रेलरची चाकं ब्रेक लावून जागच्या जागी धरून ठेवतो आणि ट्रक हळूच पुढे-मागे घेतो. चाकं तिथेच, वरचा अख्खा डबा सरकतो! मग खिटी पुन्हा भोकात बसवून परत काट्यावर. या काट्यावर वजन नियमात निघालं आणि तरी पुढे पोलिसांनी जादा वजनाचा दंड केला, तर तो कंपनी भरते किंवा कोर्टात आपला माणूस उभा करते. तुमच्या मुलाला हे दाखवा, तो बाकीचं दुकान विसरेल.

दुसरी गोष्ट, जमलं तर संध्याकाळी पोहोचा. दुपारी अर्धवट मोकळं असलेलं मैदान अंधार पडायला लागला की बघता बघता भरतं. याचं कारण मला माझ्या बाबांमुळे कळलं. ते कॉफी घेऊन बाकावर बसले होते आणि शेजारी जालंधरचा एक ड्रायव्हर येऊन बसला. (आय-८० वर पंजाबी ड्रायव्हर पुष्कळ, तुमच्या आई-बाबांनाही हिंदी बोलायला कोणीतरी भेटेल.) बाबांचा पहिला प्रश्न, "क्लीनर कुठाय तुमचा?" तो खो खो हसला. म्हणाला, क्लीनर नाही, वर बसलेलं घड्याळ आहे. इथे सलग दहा तास विश्रांती झाल्याशिवाय नवा दिवस सुरू होत नाही. सुरू झाला की चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास चालवायचं. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक गाड्यांत याची नोंद यंत्रच ठेवतं, वहीत खाडाखोड करायची सोय संपली. तास संपायच्या आत गाडी लावायला जागा मिळाली नाही तर मोठीच पंचाईत, म्हणून पाच-सहा वाजल्यापासूनच सगळ्यांची घाई. बाबा एसटीत होते. त्यांचे त्या माणसाशी डिझेलचे भाव, गुडघे आणि पोरांची शिक्षणं असे सगळे विषय झाले. आम्ही तोवर दोनदा बोलवायला जाऊन आलो.

आतलं दुकान मोठं आहे, पण टोप्या, कप, टी-शर्ट हे सगळं पटकन उरकलं तरी चालेल. ट्रकच्या सुट्या भागांच्या शोरूममध्ये मात्र रेंगाळा. तिथे आख्खे सजवलेले ट्रक आत उभे आहेत आणि भिंतभर क्रोम: बंपर, भोंगे, नटांच्या टोप्या, धुराड्याच्या उंच नळ्या, रंगीत दिवे. आपल्याकडे ट्रकला गोंडे, लिंबू-मिरची आणि मागे 'आई तुझा आशीर्वाद' असतं, त्याच हौसेचं हे चकाकतं रूप. आमच्या काकू एका नळीत स्वतःचं प्रतिबिंब बघून केस नीट करत होत्या.

वरच्या मजल्यावर न्हावी, दातांचा डॉक्टर, कपडे धुवायची मशिनं, छोटं थिएटर असं ड्रायव्हरांचं गावच आहे. अंघोळीच्या खोल्यांचे नंबर पुकारले जातात. डिझेल भरलं की ड्रायव्हरला अंघोळ फुकट, आपल्याला पैसे देऊन मिळते. इथे हिंडताना एवढंच भान ठेवा की लोक आठवडे-आठवडे घराबाहेर आहेत, त्यांच्या बसण्या-निजण्याच्या जागेत कॅमेरा घेऊन घुसायचं नाही. टेक्सासमधल्या बकीज या पेट्रोल पंप-दुकानांच्या साखळीशी लोक याची तुलना करतात. ल्युलिंगचं त्यांचं दुकान ७५,००० चौरस फुटांचं आहे खरं, पण तिथे अठरा चाकी ट्रकला प्रवेशच नाही. ते प्रवाशांसाठीचं मॉल. हे ज्यांच्यासाठी आहे ते लोक इथे समोर दिसतात, आणि थांबायचं ते त्यासाठीच.

शेजारीच ट्रकचं म्युझियम आहे, २००८ मध्ये उघडलेलं, तिकीट नाही. मूनने जुन्या गाड्या जमवल्या त्यातून ते उभं राहिलं. १९१० ची एव्हरी चुकवू नका. माल वाहायचा आणि शेतही नांगरायचं, दोन्ही कामांची ती गाडी. आमच्या धंद्यातला माणूस तिच्यासमोरून लवकर हलत नाही.

आता जेवण. आयोवा ८० किचन हे मुळात मांस-बटाटा-ग्रेव्हीचं हॉटेल. शाकाहारी माणसाला तिथे सॅलड, गोड 'पाय' (pie) आणि कॉफी यावर समाधान मानावं लागतं. हा 'पाय' मात्र चांगला असतो, कशात अंडं आहे ते विचारून घ्या. त्यापेक्षा फूड कोर्टातल्या टॅको बेलमध्ये बीन बरीटो, जालापिन्यो वेगळे मागून. आणि डब्यात ठेपले किंवा पोळी-चटणी असू द्याच. बाहेर बसून खाल्लं तर कोणी हटकत नाही.

मुलाचा हात सोडू नका, विशेषतः मागच्या बाजूला. ट्रक मागे घेणाऱ्याला आठ वर्षांचं पोर आरशात दिसत नाही. तुमची गाडी पुढच्या पार्किंगमध्ये लावा आणि दुकानातून चालत जा. म्युझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, निघण्याआधी वेळ तपासा. आणि जुलैत जाणार असाल तर इथल्या जॅम्बोरीच्या, म्हणजे ट्रकवाल्यांच्या जत्रेच्या, तारखा बघून ठेवा. १९७९ पासून दर जुलैत ती भरते, सजवलेल्या ट्रकांची स्पर्धा असते, प्रवेश फुकट. मात्र त्या दिवसांत पार्किंगपासून सगळीकडे झुंबड असते, तेव्हा आई-बाबांसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका.