मुलीला अमेरिकेत डॉक्टर करायचंय? फीच्या आधी व्हिसाचा कागद बघा

तुम्ही लिहिलंय की कंपनी येत्या जूनमध्ये तुम्हाला पुण्याहून डॅलसला पाठवते आहे, मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे, तिला डॉक्टरच व्हायचंय आणि अमेरिकेतल्या मेडिकलच्या वाढत्या फीचे आकडे वाचून तुमची झोप उडाली आहे. सिंहगड रोडचा फ्लॅट विकून पैसे बाजूला ठेवावेत का, असंही विचारलंय. मी २००८ साली नाशिकहून इकडे आले तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. आज ती टेक्सासमध्येच मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सगळ्यातून आम्ही गेलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्लॅट विकू नका. इथे बारावीनंतर थेट मेडिकल सहसा नसतं. आधी चार वर्षांची साधी पदवी, मग एमकॅट नावाची प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल. तुमच्या मुलीची शाळा २०२८ला संपेल, म्हणजे मेडिकलची पहिली फी भरायची वेळ २०३२च्या आधी येत नाही. तोपर्यंत काय काय बदलेल ते कुणी सांगावं. छप्पर मोडून आज पैसे उभे करण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही फीबद्दल पाच प्रश्न विचारलेत, व्हिसाबद्दल एकही नाही. माझ्या अनुभवात फी किती हा प्रश्न दुसरा. मुलगी कुठल्या कागदावर या देशात आहे हा पहिला. कारण सरकारी शैक्षणिक कर्ज फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं (निर्वासितांसारखे मोजके अपवाद सोडून). तुम्ही एल-१ वर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) येणार, मुलगी तुमच्यामागे एल-२ वर (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा). ती २१ वर्षांची झाली की तो व्हिसा संपतो, मग तिला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्या व्हिसावर सरकारी कर्ज नाही, आणि अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं अशा मुलांचे अर्जच घेत नाहीत.

जी घेतात त्यांचीही अट ऐका. २०१९ साली आम्ही एका खासगी कॉलेजच्या माहितीसत्राला गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) होती, ग्रीन कार्डाची रांग संपायचं नाव घेत नव्हती. तिथल्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की व्हिसावरच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तर चारही वर्षांची फी आधी एस्क्रो खात्यात (तिऱ्हाइताकडे अडकवून ठेवलेल्या पैशांचं खातं) भरून दाखवावी लागेल. मुलीने वहीत तो आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखा अचानक पुढे सरकल्या, आम्ही अर्ज भरला आणि २०२१ मध्ये, ती २१ वर्षांची व्हायच्या आत, कार्ड हातात आलं. ते नशीब होतं. नशिबावर विसंबून तुम्ही येऊ नका.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नव्हती. कंपनी तुम्हाला एल-१ ए देते आहे की एल-१ बी, हे आजच विचारा. ए म्हणजे मॅनेजर म्हणून बदली, बी म्हणजे विशेष ज्ञान असलेला कर्मचारी. मॅनेजर म्हणून आलात तर ईबी-१ या, नोकरीवरून ग्रीन कार्ड देणाऱ्या पहिल्या वर्गातून अर्ज करता येतो. तिथेही भारतीयांना थांबावं लागतं, पण ते काही वर्षांचं. ईबी-२ आणि ईबी-३ या पुढच्या वर्गांतली आपली रांग दहा वर्षांच्याही पलीकडे गेलेली आहे. मुलीकडे २१ पर्यंत पाच वर्षं आहेत. ईबी-१ मधून पहिल्याच वर्षी अर्ज टाकला तर जमण्यासारखं आहे. कंपन्या 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणतात. तुम्ही ऑफर लेटरमध्येच लिहून मागा. पगारात दोन-पाच हजार डॉलर कमी मिळाले तरी चालतील, पण हे सोडू नका.

आता फी. अमेरिकेत मेडिकलच्या चार वर्षांचा, राहण्याखाण्यासह, मधला आकडा सरकारी कॉलेजात पावणेतीन लाख डॉलरच्या पुढे आणि खासगीत पावणेचार लाखांच्या पुढे गेलाय. डॉक्टर होऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोक्यावर कर्ज असतं आणि ते साधारण दोन लाख डॉलरच्या घरात असतं. २००६ पासून 'ग्रॅड प्लस' नावाचं सरकारी कर्ज होतं. कॉलेज जेवढा खर्च सांगेल तेवढा सगळा त्यातून उचलता यायचा. कॉलेजांनी फी वाढवायला त्यामुळे हात मोकळे ठेवले, असं मला स्पष्ट वाटतं. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद होतंय. आता मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, एवढंच सरकारी कर्ज. त्यावरचं सगळं घरातून, शिष्यवृत्तीतून किंवा खासगी बँकेकडून. खासगी बँक सहीला जामीन मागते, म्हणजे तुमचा क्रेडिट स्कोअर लागणार. उतरल्या महिन्यापासून क्रेडिट कार्ड घेऊन वेळेवर भरायला लागा. सरकारी कर्जही स्वस्त नाही. २०२५-२६ चा दर ७.९४ टक्के आहे आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

म्हणूनच तुम्ही डॅलसला येताय याचा मला तुमच्यापेक्षा जास्त आनंद झालाय. टेक्सासची सरकारी मेडिकल कॉलेजं देशातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहेत. इथल्या रहिवाशाला फी वर्षाला वीस-पंचवीस हजार डॉलरच्या आसपास पडते. इतरत्र खासगी कॉलेजात ती साठ-सत्तर हजार असते. शिवाय ९० टक्के जागा राज्याच्या रहिवाशांसाठी राखलेल्या असतात. एल आणि एच व्हिसावरचं कुटुंबही इथे रहिवासी ठरू शकतं. किमान बारा महिने राहिल्याचे पुरावे लागतात. घराचा करार, वीजबिल, पगाराच्या स्लिपा पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत जा. दोन वर्षांनी कंपनी कॅलिफोर्नियाला पाठवते म्हणाली, तर हा हिशेब आधी मांडा.

माझ्या मुलीचं खर्चाचं पत्र आलं ते आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचलं. घरभाडं, जेवण, आरोग्य विमा, गाडी, परीक्षांच्या फिया मिळून राहण्याचा खर्च फीपेक्षा जास्त लावला होता! तिथेच ठरलं की पहिली दोन वर्षं ती घरीच राहणार. पहाटे पाचला उठून, पोळी-भाजीचा डबा घेऊन पन्नास मिनिटं गाडी चालवत जायची. दोन वर्षांचं भाडं वाचलं, तेवढं कर्ज कमी झालं. फी आपल्या हातात नसते, राहण्याचा खर्च बऱ्याच अंशी असतो.

पहिली पदवीही घराजवळच्या सरकारी युनिव्हर्सिटीतच करा. नावाजलेल्या खासगी कॉलेजात पदवीवर पैसे संपवून मेडिकलच्या दारात रिकाम्या हाताने उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. मेडिकलवाले गुण, एमकॅट आणि रुग्णांमध्ये घालवलेला वेळ बघतात. अर्जाच्या वर्षासाठी वेगळे पैसे ठेवा. एमकॅटलाच साडेतीनशेच्या आसपास डॉलर जातात आणि राज्याबाहेर प्रत्येक कॉलेजची फी वेगळी. टेक्सासमधल्या कॉलेजांना मात्र एकाच फीत अर्ज जातो. मुलाखती आमच्या वेळी घरूनच झाल्या. देवघराशेजारची भिंत पांढरी म्हणून समई बाजूला सरकवून ती तिथे बसली होती.

फुकट कॉलेजांबद्दल विचारलंत. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये सगळ्यांची फी माफ केली. ब्राँक्समधल्या आइनस्टाइन कॉलेजला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी एक अब्ज डॉलर दिले आणि तिथेही फी माफ झाली. जॉन्स हॉपकिन्सला ब्लूमबर्ग यांच्या देणगीमुळे तीन लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना फी नाही. मुलीने जरूर अर्ज करावा, पण घराचा हिशेब त्यावर मांडू नका.

राहिला मुलीला आजी-आजोबांकडे ठेवून 'नीट' ही भारतातली मेडिकल प्रवेश परीक्षा द्यायला लावायचा पर्याय. हा निर्णय तुम्हाला याच उन्हाळ्यात घ्यावा लागेल, पुढे ढकलता येणार नाही. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. अकरावीला ती इकडे आली की तो कोटा गेला. सरकारी कॉलेजात एमबीबीएस करून यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सीसाठी (हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण) इकडे येणारे डॉक्टर हजारोंनी आहेत आणि त्यांच्यावर डॉलरमधलं कर्ज नसतं. पण मधेच ग्रीन कार्ड आलं तर ते घेऊन पाच वर्षं भारतात राहता येत नाही. रिएन्ट्री परमिटही (बाहेर राहून परत येण्याचा परवाना) एका वेळी दोन वर्षांचंच मिळतं.

तुम्हाला एल-१ बी मिळत असेल आणि कंपनी ग्रीन कार्डाचं लिहून देत नसेल, तर मी मुलीला बारावीपर्यंत पुण्यातच ठेवीन. आईपासून दोन वर्षं लांब राहणं सोपं नाही, हे मला कळतं. पण एकविसाव्या वर्षी दोन्ही दारं बंद झालेली मुलगी मी शेजारच्या घरात पाहिली आहे. हुशार पोर, शेवटी मेडिकल सोडून डेटा सायन्सला गेली. आजही आमच्याकडे आली की माझ्या मुलीच्या स्टेथोस्कोपला हात लावून बघते.

एल-१ ए असेल तर मात्र तिला बरोबर घेऊन या. एचआरला आज मेल करा आणि उत्तर आलं की मला कळवा, मग शाळेचा आणि घराचा भाग ठरवू.